माळवदाची भिंत आणि अमूर्त चित्र

जपानी आणि स्कँडिनेव्हियन गृहसजावटीच्या मिलाफातून आलेल्या ‘जपांडी’ शैलीत सामान मोजके असते, लाकूड मूळ रंगात राहते आणि भिंतीवर बहुधा एकच मोठे अमूर्त चित्र असते. एकाच चित्राची ही रीत जुनी आहे. जपानी घरातल्या ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात एक उभे गुंडाळीचित्र लावतात आणि ऋतू पालटला की तेही बदलतात. डेन्मार्कच्या विल्हेल्म हामरशॉय (१८६४–१९१६) या चित्रकाराने कोपनहेगनमधल्या आपल्या घरातल्या करड्या, जवळजवळ रिकाम्या खोल्या रंगवल्या. त्या चित्रांचा खरा विषय भिंतीवरचा उजेड आहे.

महाराष्ट्रात अशा शांत, अमूर्त चित्रांच्या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे. गोव्याच्या कुटुंबातले, नागपुरात जन्मलेले गायतोंडे १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. रोलर आणि पॅलेट नाइफने ते तैलरंगाचे थर चढवत, काही खरवडून काढत आणि त्यांवर पुन्हा रंग देत. त्यामुळे वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रे पुरी होत. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.

गायतोंड्यांची काही चित्रे गडद तांबडी, काही पिवळीधमक आहेत. तरीही ती शांत वाटतात. म्हणजे शांतता फिक्या रंगावर अवलंबून नाही. थरांमधून झिरपणाऱ्या उजेडामुळे ती येते. बाजारातल्या कॅनव्हासवरच्या डिजिटल छपाईत रंग उतरतो, थर उतरत नाही. म्हणून चित्र निवडताना ते खिडकीच्या बाजूने, तिरप्या उजेडात पाहावे.

लातूर-नांदेडच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत थर आणि उजेडाचा हा गुण खुद्द भिंतीत होता. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या असत. खिडक्या थोड्या, उजेड माळवदातल्या झरोक्यातून येई. देवळीत दिवा आणि खुंटीला टोपी-उपरणे, एवढाच भिंतीचा संसार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि मातीचे छप्पर अंगावर कोसळून हजारो माणसे गेली. पुनर्वसनात सिमेंटची घरे उभी राहिली. भिंती पातळ आणि सपाट झाल्या, पोत गेला.

अशा भिंतीला अमूर्त चित्र पोत परत देते. इथे काचेच्या जड तसबिरीपेक्षा चौकटीवर ताणलेला कॅनव्हास बरा: तो हलका असतो आणि हादऱ्यात काच फुटण्याची भीती नसते. तो दोन हुकांवर टांगावा, पलंगाच्या उशाशी नको. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पावणेपाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला यावा. जिथे बसूनच पाहायचे तिथे थोडा खाली. सहा फुटी दिवाणावर चार फूट रुंदीचे चित्र शोभते.

मूळ चित्र परवडत नसेल तर जाडीभरडी, न रंगवलेली खादी चौकटीवर ताणता येते. राष्ट्रध्वज बनवणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडचीच, आणि ध्वजाचे कापड विणले जाते लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. हातसुताच्या कमी-जास्त जाडीमुळे तिरप्या उजेडात खादी सपाट दिसत नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग मऊ पडून धूळ धरतो. म्हणून पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी आणि धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने झटकावी. पावसाळी दमटपणात कापड सैल पडले, तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकून ते पुन्हा ताणता येते. कॅनव्हासची पाठ भिंतीला चिकटू न देता मागे बोटभर जागा सोडली की हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही.