“फक्त तुमच्याकडेच होतंय, बाई!”

महिनाअखेरीस हिशेबाची वही उघडावी आणि पन्नास रुपये कमी भरावेत, की आपला पहिला संशय कुणावर जातो? स्वतःवरच! भाजीवाल्याला जास्त दिले का, वाण्याची चिठ्ठी कुठं पडली का, अशी उलटापालट रात्रभर डोक्यात चालते. पन्नास रुपयांची ही कथा, मैत्रिणींनो. मग लाखांची तूट अंगावर आली तर?

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात साउथ वॉर्नबरो नावाचं खेडं आहे. तिथं जो हॅमिल्टन या बाई दुकान आणि त्यातच गावचं पोस्ट चालवत. तिकडं हजारो पोस्टं अशी दुकानांतून, कराराने चालतात. तूट आली तर ती चालवणाऱ्याने पदरची भरायची, असा पोस्टाचा आग्रह. 1999 पासून या पोस्टांचे हिशेब ‘होरायझन’ नावाच्या संगणकी व्यवस्थेवर गेले. ती पुरवणारी कंपनी फुजित्सूची.

2003 साली जोबाईंच्या हिशेबात दोन हजार पौंड कमी दिसू लागले. त्यांनी मदतीचा फोन लावला. पलीकडून सांगितलं तशी बटणं दाबली, आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! “असं आणखी कुणाकडे होतं का हो?” असं विचारल्यावर उत्तर मिळालं, की नाही, फक्त तुमच्याकडेच. पुढं तूट वाढतच गेली. घर गहाण पडलं. चोरीचा आरोप मागं घ्यावा म्हणून खोटे हिशेब लिहिल्याची कबुली देणं त्यांना भाग पडलं, आणि 2008 मध्ये शिक्षा झाली. पोस्टाचे पैसे फेडायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली.

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात. म्हणजे किडा. आता धान्य म्हटलं की किडा आलाच. मोठा प्रोग्रॅमही पूर्ण निर्दोष सहसा नसतो, हे तो लिहिणारेच कबूल करतात. स्कॉटलंडच्या डॅलमेलिंग्टन गावी 2015 साली एका पोस्टात आठ हजार पौंडांची नोंद करताना पडदा अडकला. बाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. (आपण नाही का लिफ्टचं दाबत!) यंत्राने प्रत्येक वेळी आठ हजार मांडले, चार वेळा. चोवीस हजारांची तूट तयार! अशी चूक होऊ शकते, त्याबद्दल मी कुणाला फासावर चढवणार नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

तंत्रज्ञांकडे माहीत असलेल्या दोषांची यादी होती. ती पोस्ट चालवणाऱ्यांना कुणी दाखवली नाही. 2010 साली साठेक पोस्टांच्या हिशेबात गोंधळ करणारा एक दोष सापडला. त्यावर पोस्टाच्या आणि कंपनीच्या माणसांची बैठक झाली. तिच्या टिपणात काय नोंदलं असेल? हे बाहेर कळलं तर व्यवस्थेवरचा विश्वास उडेल आणि चालू खटल्यांवर परिणाम होईल! त्याच वर्षी नोव्हेंबरात वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या मूळच्या आपल्याकडच्या बाईला पंधरा महिन्यांची कैद झाली. बाई गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. हे वाचलं तेव्हा माझी फोडणी करपली.

कोडं सुटलं ते कंपनीमुळे नव्हे, तर एकट्या-एकट्या पडलेल्यांनी एकमेकांना शोधलं म्हणून. मे 2009 मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेल्समधले माजी पोस्टवाले ॲलन बेट्स यांनी फेनी कॉम्प्टन गावच्या सभागृहात अशा लोकांना बोलावलं. प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं होतं: फक्त तुमच्याकडेच! पुढं दहा वर्षं झगडून डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते असा निकाल दिला. जोबाई आणि सीमाबाई एप्रिल 2021 मध्ये निर्दोष ठरल्या. शिक्षा झालेले एकूण नऊशेहून जास्त होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी मे 2024 मध्ये संसदेला कायदाच करावा लागला.

आणि याउलट डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतले प्राध्यापक पाहा. पुस्तकं छापण्यासाठी त्यांनी ‘टेक्’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि जाहीर केलं, की चूक दाखवा, पैसे घ्या. पुस्तकातल्या चुकीला 2 डॉलर 56 सेंट, प्रोग्रॅममधल्या चुकीला त्याहूनही जास्त. शिवाय सगळ्या चुकांची यादी स्वतःच छापली. लोक त्यांचा चेक वठवायच्या ऐवजी चौकटीत लावून ठेवत! चूक कबूल केल्याने त्यांची अब्रू गेली नाही, उलट वाढली.

तुम्ही म्हणाल, हे इंग्लंड-अमेरिकेचं आपल्याला काय? अहो, आता गॅसचा नंबर, बँक, मुलांची फी, सगळं फोनवरच नाही का? यंत्र अडलं की घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. पडद्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, आपण काय केलं आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे वहीत टिपा. तक्रारीचा नंबर मागून घ्या. “काहीतरी बिघडलंय” एवढंच सांगितलं तर पलीकडच्या मुलालाही काही उमगत नाही, बिचाऱ्याला. आणि शेजारणीला विचारायला लाजू नका.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत हजेरीचं ॲप आलं, तेव्हा दुपारी भरलेली हजेरी संध्याकाळी कोरी दिसायची. “मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही,” असं कंपनीचा मुलगा दोनदा म्हणाला. वयामुळे आपल्यालाच जमत नाही, असं समजून मी आठ दिवस गप्प. शेवटी मधल्या सुट्टीत डबा खाताना हळूच विषय काढला, तर जोशीबाई, देशमुखबाई आणि नवीन आलेली पोरसवदा मुलगी, तिघींचं रडगाणं तेच! चौघींनी मिळून तारीख-वेळ घालून एकच पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: दोष आहे, दुरुस्ती चालू आहे, तोवर हजेरी कागदावर घ्यावी.