सुकतीला बघावी ती बोट

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली. लांबी १६ मीटर, नाव ‘लेडी हान’. आत तीन एके-४७ आणि काडतुसं सापडली, आणि दहीहंडीच्या तोंडावर सगळ्या रायगडात पोलिसांची धावपळ उडाली. संध्याकाळपर्यंत विधिमंडळात खुलासा झाला. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या बोटीचं इंजिन २६ जूनला भर समुद्रात बंद पडलं होतं. आतल्या माणसांना कोरियाच्या युद्धनौकेनं उचललं आणि बोट तशीच समुद्रावर सोडावी लागली. पावसाळी वारा आणि प्रवाह तिला ढकलत ढकलत सावित्री नदीच्या मुखाजवळ घेऊन आले.

गावोगाव लोक बंदुकांबद्दल बोलत होते. पोलादपूरच्या माझ्या आत्तेभावानं मात्र फोन करून विचारलं, “दादा, एवढी बोट जुनी घेतली तर कितीला पडंल?”

त्याची दोन जेसीबी मशीनं आहेत. आंबेनळी घाटात दरड आली की पहिला फोन त्याला येतो. जुनं मशीन घ्यायचं, चार वर्षं राबवायचं आणि घातलेल्या पैशातला बराचसा भाग परत काढून दुसरं घ्यायचं, या हिशोबात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. माझी हयात मुंबईत बोटींच्या इंजिनांत गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. पुढे गेटवेसमोर बोयाला बांधलेली एक तीस फुटी केबिनची बोट त्याला कोणीतरी दाखवली. दोन माणसं झोपतील एवढी केबिन, छोटं स्वयंपाकघर, संडास. महाडला आणायची, खाडीत पाहुणे फिरवायचे, कंटाळा आला की विकून टाकायची, असा बेत ठरला. या बेतातला शेवटचा भाग त्याला सगळ्यात सोपा वाटत होता. मला तोच सगळ्यात अवघड दिसत होता.

महाडला बोट हे काही नवल नाही. घाटावरचा माल इथं उतरायचा आणि गलबतांत चढून बाणकोटमार्गे मुंबईला जायचा. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी आगबोटीनं आले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आज दासगावला हायवेवरून जाताना इथं बंदर होतं हे सांगावं लागतं. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते, पोलादपूरला दगडगोटे घेऊन खाली येते आणि महाडनंतर उतार संपला की सगळं टाकून देते. भरतीचं पाणी समोरून येत असल्यानं गाळ पुढे सरकत नाही. नदीपात्रात बेटं तयार झाली ती अशी. २०२१ च्या महापुरानंतर गाळ आणि बेटं काढायचं काम झालं, त्यात आत्तेभावाच्या ओळखीच्या कितीतरी जणांची मशीनं लागली होती. म्हणजे या खाडीत पाणी किती आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

त्यानं मला कायदा दाखवला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग जाहीर झाले, त्यात बाणकोट खाडीसह सावित्री ८९ क्रमांकावर आहे. खरं आहे. पण यादीत नाव आलं म्हणून पाणी खोल होत नाही. तीस फुटी बोटीला पाण्याखालच्या पंख्यासकट तीन फूट पाणी सहज लागतं, आणि वर हाताशी निदान दोन फूट जास्त हवं. उधाणाच्या भरतीला ते मिळेल. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी पुरतं चढतच नाही, आणि उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी, झाली की हीच बोट चिखलात बसेल, कुशीवर कलेल. शिवाय पुलांचा प्रश्न आहे. वर बसायला मजला असलेली बोट पुलाखालून न्यायची तर उंची भरतीच्या पाण्यावरून मोजावी लागते. सुकतीला पुलाखाली जागा होते, तर तळाशी पाणी उरत नाही.

म्हणून मी त्याला पहिलं सांगितलं, की बोट बघायच्या आधी ती जिथं ठेवायची ती जागा सुकतीला बघ. बोटीची विकायची किंमत अर्धी तिथं ठरते. गिऱ्हाईक येतं तेव्हा ते बोट पाण्यात चालवून मागतं. महिन्यातले ठरावीक दिवस आणि दिवसातले तीन तास सोडून जी बोट हलत नाही, ती कोण चालवून बघणार? मुंबईहून आलेला माणूस भरतीची वाट बघत दस्तुरी नाक्यावर चहा पिऊन परत जाईल.

आता बोटीकडे येऊ. “बोटीचे अवर किती बघायचे?” हा त्याचा प्रश्न बरोबर होता. जेसीबीसारखंच बोटीचं इंजिनही तासांवर मोजतात. पण जेसीबीवाल्याला वाटतं, तास कमी म्हणजे माल चांगला. बोटीत असं नसतं. दहा वर्षांत दोनशे तास चाललेलं इंजिन म्हणजे वर्षाला वीस तास. उरलेला सगळा वेळ ते खाऱ्या हवेत नुसतं उभं होतं. एक्झॉस्टमध्ये जिथं समुद्राचं पाणी सोडून तो थंड करतात, तिथल्या नळीच्या कोपराला आतून गंज चढतो. तो फुटला की पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं. नियमित चाललेलं, तेल वेळेवर बदललेलं हजार तासांचं डिझेल इंजिन मी डोळे झाकून त्याच्या आधी घेईन.

फायबरच्या तळाचं दुखणं निराळंच. वर्षानुवर्षं पाण्यात उभ्या बोटीच्या वरच्या गुळगुळीत थरातून पाणी आत झिरपतं आणि तळाला फोड येतात. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि रंगाचा ताजा हात मारला तर बाहेर काढूनही दिसत नाहीत. छोटी हातोडी घेऊन तळ ठोकत जायचं. टणटणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला की आतले थर सुटलेत किंवा फायबरमध्ये कोंडलेलं प्लायवूड कुजलंय. मागच्या फळीवर, जिथं इंजिनाचा भार येतो, तिथं हा आवाज आला तर मी पुढचं काही बघतही नाही. बाकी गाद्या, पडदे, फ्रीज, म्युझिक सिस्टिम यांचे पैसे विकणारा मागतो. घेणाऱ्यानं ते शून्य धरावेत, कारण पुढे विकताना त्याला शून्यच मिळणार आहेत.

मग हिशोब. आकडे मी समजा म्हणून धरले, पण नातं खरं आहे. समजा बोट २० लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी १२ लाखांना गेली. गेले ८. आत्तेभाऊ तिथंच थांबला होता आणि म्हणत होता, “पाच वर्षांत ८ म्हणजे काय वाईट नाही.” पण बोटीच्या धंद्यात राखणीचा खर्च वर्षाला किमतीच्या दहा टक्के धरायची रीत आहे. राखणदार, खलाशी, विमा, बोट बाहेर ओढणं, तळ खरवडणं, रंग, जस्ताचे तुकडे, बॅटऱ्या. म्हणजे वर्षाला २ लाख, पाच वर्षांचे १०. एकूण १८. जूनपासून चार महिने समुद्र बंद, उरलेल्या आठ महिन्यांत खरोखर २० दिवस बोट वापरली, तरी पाच वर्षांचे १०० दिवस. दिवसाला १८ हजार, डिझेल वेगळं. विकताना फार हुशारी करून १२ च्या जागी १५ लाख मिळवले तर दिवस १५ हजारांवर येतो. आयुष्यभराची घासाघीस, आणि फरक ३ हजारांचा! उलट गिऱ्हाईक मिळायला एक वर्ष जास्त लागलं की राखणीचे २ लाख गेले आणि बोट एका वर्षानं आणखी म्हातारी झाली.

हे दहा टक्केही कमीच. नवी असताना ८० लाखांची असलेली बोट तुम्ही २० लाखांना घेतलीत, म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. पंप, पंखा, गिअरबॉक्स ८० लाखांच्या बोटीचेच येतात, तेही बरेचदा परदेशातून. जुनी बोट स्वस्त मिळते त्याचं एक कारण हेच आहे, आधीच्या मालकाला तो खर्च दिसायला लागलेला असतो.

हे मी स्वतः शिकलो. तिशीत असताना एका मित्राबरोबर भागीत जुनी लाँच घेतली होती. विकणाऱ्यानं इंजिन नुकतंच उतरवून केलंय असं सांगितलं. केलं होतंही, पण कूलिंगच्या पाइपांना हात लावला नव्हता. दुसऱ्या हंगामात ते गेले. नवं इंजिन बसवलं आणि वाटलं, आता किंमत वाढली. घालून झालेल्या पैशातले निम्मेही विक्रीत आले नाहीत, आणि विकायला अकरा महिने लागले. बोटीला नवं इंजिन घातलं की ती विकली जाते, महाग होत नाही.

डिझेलचंही सांगतो. डिझेल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीला तासाला साधारण २०० मिलीलीटर पितं. १५० ची दोन इंजिनं म्हणजे तासाला ६० लीटर. जलमार्ग म्हणून जाहीर झालेल्या सावित्रीची लांबी ४६ किलोमीटर आहे, बोट ताशी ३७ किलोमीटरनं गेली तर सव्वा तास, ७५ लीटर. परत यायला तेवढंच. मोटारीला एवढ्या अंतराला तीन लीटर लागतात. हळू चालवलं तर खूप वाचतं, पण मग बाणकोटला पोचेपर्यंत पाणी उतरलेलं असतं.

कागदांत तो पक्का आहे, पण त्याचे कागद आरटीओचे. इथं खातं निराळं. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो, चालवणाऱ्याकडे दाखला लागतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे तर प्रवासी वाहतुकीची परवानगी हवी, खासगी मौजेच्या बोटीवर भाडं मारता येत नाही. बोट बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद मूळ मालकापर्यंत जुळले पाहिजेत. एक कागद हरवलेला असेल तर घेताना सूट मिळते, विकताना मात्र गिऱ्हाईकच मिळत नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूची होती, ती सांगायलाच हवी. मौजेच्या नव्या बोटीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झाला. नवी बोट महाग झाली की चांगल्या जुन्या बोटीला थोडा आधार मिळतो. पण तो आधार गेटवे, मांडवा, गोवा इथल्या बाजाराला. महाडपर्यंत तो येत नाही, कारण महाडला केबिनच्या बोटीचा बाजारच नाही. जेसीबी विकायचं म्हटलं तर पोलादपुरात चार गिऱ्हाइकं, महाडात दहा आणि घाट चढून गेलं तर सातारा पडलाय. शिवाय मशीन विकेपर्यंत कमावतं. मासेमारीच्या बोटीलाही गिऱ्हाईक असतं, कारण ती पोट भरते. तिच्यावर कर ५ टक्के, आणि बाणकोटच्या खाडीत ती बघून सांगणारी दहा माणसं मिळतात. केबिनच्या बोटीचं गिऱ्हाईक हौशी असतं, आणि हौशी माणूस घासाघीस करताना शेतकऱ्यापेक्षा कडक असतो, कारण त्याला घाई नसते.

हे सगळं ऐकून त्यानं शेवटचं अस्त्र काढलं. “आणि पूर आला तर? बोट असली तर माणसं तरी काढता येतील.” यावर हसता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाडची बाजारपेठ, सुकटगल्ली पाण्यात गेली, रस्ते बुडाल्यानं बचाव पथकं वेळेवर पोचू शकली नाहीत आणि लोक माड्यांवर, गच्च्यांवर बसून राहिले. तळिये गावावर डोंगर कोसळला तोही त्याच दिवशी. पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेवर दरडी आल्या. २००५ ला दासगाव, जुई यांनी हेच भोगलं होतं. महाडच्या माणसाला बोट हवीशी वाटते त्यामागे हे आहे, नुसती चैन नाही.

पण त्या रात्री तीस फुटी केबिनची बोट काय करणार होती? बाजारपेठेतल्या गल्लीत ती वळली नसती. विजेच्या तारा, बुडालेल्या दुचाक्या, दुकानांच्या शटरांच्या कडा, यात तिचा पंखा पहिल्या पन्नास फुटांत गेला असता. आणि पुराच्या वेगात नांगरावर उभी असलेली अशी बोट सुटली, तर पुलाच्या खांबाकडे जाणारा तो कित्येक टनांचा ओंडका. तिथं लागते ती सपाट तळाची, चौदा-पंधरा फुटी, चार माणसं उचलतील अशी. मागे टांगतं इंजिन, पंख्याभोवती जाळी.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ती ट्रेलरवर बसते ना?”

बसते, म्हटलं. पंधरा फुटी फायबरची बोट, ट्रेलर आणि चाळीसचं इंजिन. पाण्यात ठेवायची नसल्यानं तळाला फोड नाहीत, कालवं नाहीत, राखणदार नाही. उन्हाळ्यात आंबेतला किंवा बाणकोटला सोडायची, पावसाळ्यात दारात. मगरी असलेल्या सावित्रीत पोहायची हौस तेवढी करू नकोस. आणि विकायची झाली तर गिऱ्हाइकानं महाडला यायची गरज नाही, तूच ओढून त्याच्या दारात न्यायची. इंजिन वेगळं विकलं जातं, ट्रेलर वेगळा.

पुढच्या रविवारी तो दासगावला गेला होता, मुद्दाम सुकतीच्या वेळी. तिथून फोन आला. बोटीबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. ट्रेलरला ब्रेक असतात का, एवढाच खुलासा त्याला हवा होता, कारण रस्ता घाटाचा आहे.