घाट उतरताना गाडीची परीक्षा



कारखान्यात नवे यंत्र येते, तेव्हा विकणाऱ्या कंपनीचा माणूस ते रिकामे चालवून दाखवितो. चाक सुरळीत फिरते, साहेब खूष होतात. पण ज्याला त्या यंत्रापाशी आठ तास उभे राहावयाचे असते, तो कामगार म्हणतो, "पुरता माल चढवा, एक पाळी चालवा, मग बोलू." मोटारीचे शास्त्र मी कॉलेजात नव्हे, चालकांच्या आणि फिटरांच्या संगतीत शिकलो. मोटारीलाही हाच न्याय लावावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल स्टेशन वॅगन घेऊ. साध्या मोटारीचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेले आणि तेथे उभे दार बसविले की वॅगन झाली. रेल्वे स्टेशनावरून उतारू आणि त्यांचे सामान आणणारी गाडी, म्हणून हे नाव. आपल्या पुण्याचे तिच्याशी जुने नाते आहे. १९९२ सालची टाटा इस्टेट आणि २००४ सालची इंडिगो मरीना या दोन्ही वॅगन पुण्याच्या कामगारांनी घडविल्या. पुढे वॅगनला शर्यतीचा बाज चढला. ऑडीच्या आरएस ६ अवांतची सुधारलेली 'परफॉर्मन्स' आवृत्ती २०१६ साली भारतात आली. ५६० अश्वशक्तीची ६०५ झाली, आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.९ ऐवजी ३.७ सेकंदांत गाठता येऊ लागला. हा सेकंदाचा पाचवा हिस्सा घाटात कोणाच्या उपयोगी पडतो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

पुण्याहून पिरंगुटमार्गे टेमघर धरणाजवळून लवासाकडे जाणारा घाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मुळशी तालुक्यात, वरसगावच्या जलाशयाकाठी, दासवे येथे या शतकाच्या आरंभी हे खासगी नगर उभे राहू लागले. २०१८ साली त्याची कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. नगर अर्धे राहिले, रस्ता मात्र राहिला. वळणे आणि चढउतार यांमुळे मोटारींवर लिहिणारी मंडळी नव्या गाड्या येथे आणून पारखीत आली आहेत. चढावर गाडीचा जोर कळतो, यात शंका नाही. पण जीव सांभाळावा लागतो तो उतारावर.

थोडा हिशेब करू. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो, आणि उतार उभ्या मापाने ३०० मीटर समजा. एवढे वजन एवढे खाली येताना सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. चौदा लिटर साधे पाणी उकळी फुटेपर्यंत तापवावयास जवळपास एवढीच उष्णता लागते. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर ही ऊर्जा कोठेतरी जिरलीच पाहिजे. थोडी हवेत आणि टायरांत जाते. बाकीची इंजिनाने घ्यावी, नाहीतर ब्रेकने.

पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरले, की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड घटते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे; ओल शिरलेल्या तेलाला तोच दंडक १५५ अंशांचा आहे. तेल उकळले की त्यात वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. जुने चालक सांगतात, ज्या गिअरात चढावे त्याच गिअरात उतरावे आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. त्या सांगण्यामागचे शास्त्र हेच आहे.

वॅगनची आणखी एक गोष्ट आहे. मागच्या चाकांच्याही मागे ओझे ठेवले, की तराजूच्या दांडीप्रमाणे गाडीचे नाक उचलते. पुढची चाके हलकी होतात, स्टेअरिंगचा अंदाज बदलतो, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरही पाहावेत. २०५/५५ याचा अर्थ रुंदी २०५ मिलिमीटर, आणि कडेची उंची तिच्या शेकडा ५५, म्हणजे ११३ मिलिमीटर. शर्यतीच्या बाजाच्या गाडीला २८५/३० टायर असला, तर रुंदी वाढूनही कडेची उंची ८५.५ मिलिमीटरच भरते. खड्ड्याचा घाव सोसणारी हवेची गादी तेवढी पातळ झाली.

तेव्हा परीक्षा कशी घ्यावी? घरची माणसे बरोबर न्यावीत आणि मागे सामान ठेवावे. भरल्या गाडीसाठी टायरांत किती हवा हवी, हे बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते, तेवढी भरावी. परवाना असलेल्याने स्वतः चालवावी. चढावर थांबवून पुन्हा उचलावी. खालच्या गिअरात उतरून इंजिन गाडीला किती आवरते ते पाहावे, आणि खाली आल्यावर पेडल पहिल्याइतकेच घट्ट लागते का, ते तपासावे. सुधारलेली आवृत्ती असेल तर विचारावे, "जोर वाढविला, तसे ब्रेकही वाढविले काय?" वेग ४० चा ८० झाला, की थोपवावयाची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

ही शर्यत मात्र नव्हे. हा रस्ता दासवे-मुगावच्या माणसांचाही आहे. त्यांच्या दारावरून आपली हौस भागविण्याचा हक्क कोणालाही नाही.

अपघात झाला की पहिला शेरा पडतो, "चालकाची चूक." यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराच्या नावावरही असाच शेरा पडलेला मी पाहिला आहे. काही वेळा तो खरा असतो. पण भाराखाली यंत्र कसे वागेल, हे ज्याला आधी पाहू दिले नाही, त्याच्याच माथी सारा दोष मारणे हा न्याय नव्हे. मोटार घेताना वर्षानुवर्षांची बचत जाते आणि पुढे हप्ते बसतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी भरल्या गाडीने घाट उतरून पाहण्याचा आग्रह धरा. विकणारा नको म्हणाला, तर ते उत्तरही परीक्षेतलेच एक उत्तर समजा.