बोलपटाला वाचा देणारा चपळ संवेदक

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तो मूक. पुढे ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला आणि त्याला ध्वनी मागाहून जोडण्यात आला. बोलपट म्हणून त्यांनी घडविलेला चित्रपट एकच, १९३७ चा ‘गंगावतरण’. मधल्या काळात चित्रपटाला जी वाचा फुटली, तिच्यामागील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : प्रकाशातील बदल संवेदकाला किती चटकन कळतो?

बोलपटाच्या फितीवर चित्रांच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीची ध्वनिपट्टी असते. आवाजाच्या चढउतारानुसार ती कमीअधिक गडद किंवा कमीअधिक रुंद होत जाते. प्रोजेक्टरमधील दिव्याचा बारीक झोत तिच्यातून आरपार जाऊन प्रकाशसंवेदकावर पडतो. झोत जसा मंद वा तेज होतो तसा विद्युतप्रवाह बदलतो. तो वाढवून ध्वनिक्षेपकाला दिला की नट बोलू लागतो.

फीत सेकंदाला सुमारे ४५ सेंटीमीटर सरकते. ‘स’, ‘श’ या वर्णांतील सीत्कार सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या घरातला. एवढ्या अवधीत संवेदकाने उजेड नोंदवायचा आणि लगेच विसरायचाही! मागचा उजेड रेंगाळला तर तो पुढच्यात मिसळतो, बारीक स्वर पुसले जातात आणि संवाद तोंडावर उशी धरून बोलल्यासारखे ऐकू येतात.

प्रकाश पडताच सेलेनियमचा विद्युतरोध घटतो, हे १८७३ पासून ठाऊक होते. पण हे विसरणेच त्याला जमत नसे. उजेडाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन अंधार होताच जागेवर परतत नाहीत. वाटेत अडकून राहतात. प्रकाशविद्युत नळीत धातूच्या लेपावर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, आणि प्रकाश थांबला की तेही थांबतात. बोलपटाला हवी होती ती हीच चपळाई.

कॅडमियम सल्फाइडचा स्वस्त संवेदक आजही असाच संथ आहे. बदल नोंदवायला त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात, अंधारात पूर्ववत होण्यास त्याहून कितीतरी अधिक. सिलिकॉनचा फोटोडायोड हेच काम सेकंदाच्या दशलक्षांशात, कधी त्याहूनही लवकर उरकतो; घरातल्या रिमोटचे संकेत त्यालाच टिपता येतात. मात्र संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याला ही चपळाई नकोच असते. वीज चमकली किंवा मोटारीचा झोत पडला म्हणून तो विझू नये, यासाठी तिथे मुद्दाम विलंब ठेवतात.