एक नदी, अनेक संशोधने

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातील वृत्तपत्रांमध्ये एक आकडा रोज छापून येतो, तो कारधा येथील वैनगंगेच्या पातळीचा. भंडारा शहराच्या पैलतीरावरचे हे गाव, तेथील ब्रिटिश अमदानीतला अरुंद पूल आणि समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी नदीकाठच्या रहिवाशांना तोंडपाठ असते. या आकड्यामागे वर्षानुवर्षांचे निरीक्षण आणि एक संपूर्ण शास्त्र उभे आहे, याची जाणीव मात्र फारच थोड्यांना असते. याच नदीवर रसायनशास्त्रज्ञ, वैद्यक संशोधक, पुरातत्त्वज्ञ आणि भाषेचे अभ्यासकही काम करीत आले आहेत, हे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असते.

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः ज्ञानशाखा बदलली की पुराव्याचे स्वरूप बदलते, लागणारा काळ बदलतो आणि चूक ओळखण्याची रीतही बदलते. हा फरक ध्यानात न घेता सर्वांना एकाच मापाने मोजले तर काय हरवते, हे समजून घेण्यासाठी कारधा ते पवनी हा वैनगंगेचा काठ उत्तम उदाहरण ठरावा.

पाण्याचे गणित

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता या नावाने गोदावरीत जाते. वरच्या भागातील संजय सरोवरासारख्या धरणांतून सोडलेले पाणी आणि खोऱ्यात पडणारा पाऊस यांचा एकत्रित परिणाम कारध्याला दिसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने भंडारा शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली नेल्या, तेव्हा या आकड्याचे मोल सर्वांना कळले.

जलशास्त्रज्ञाला पातळीपेक्षा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते, हे जाणून घ्यायचे असते. विसर्ग दर तासाला मोजणे अवघड; म्हणून अनेक वर्षांच्या मोजणीतून पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखवणारा आलेख तयार करतात. येथे एकट्या निरीक्षणाला अर्थ नसतो. अखंड नोंदवहीला असतो. एखाद्या वर्षीची नोंद चुकली तर ती मागे जाऊन भरून काढता येत नाही. नदीच्या खालच्या अंगाला धरण झाले आणि त्याचा फुगवटा मोजणीच्या जागेपर्यंत पोहोचला, तर जुना आलेखही निरुपयोगी होतो. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. या प्रकल्पाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो. त्यामुळे येथील नदी पूर्वीची राहिलेली नाही आणि तिचे गणितही पुन्हा मांडावे लागते.

पाच दिवस की तीन?

फुगवट्याने आणखी एक प्रश्न उभा केला. नागपूरचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. हा संगम भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. वाहत्या नदीत खालचे पाणी वर येत नाही. धरणाच्या साचलेल्या पाण्याला मात्र ही मर्यादा राहत नाही. शहराच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या तक्रारींचे मूळ येथे आहे.

अशा तक्रारीचे रूपांतर पुराव्यात करणे हे रसायनशास्त्राचे काम. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, १९५८ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली ती मुळात सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीसाठीच. पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्यासाठी जिवाणूंना ती पचवताना किती प्राणवायू लागतो, हे पाहतात. पाश्चात्त्य देशांत हा नमुना २० अंश सेल्सिअस तापमानाला पाच दिवस ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या उष्ण हवामानाला अनुसरून भारतीय मानकाने २७ अंशांना तीन दिवस ही रीत स्वीकारली. स्नानायोग्य नदीत ही मागणी लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा केंद्रीय निकष आहे. या शाखेचे बळ पुनरावृत्तीत आहे. एका प्रयोगशाळेच्या निष्कर्षाविषयी शंका आली, तर त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना दुसरीकडे तपासता येतो. परंतु हे पाणी प्यायल्याने कोण आजारी पडले, हे प्रयोगशाळेतील बाटली सांगू शकत नाही. तो प्रश्न वैद्यकाचा.

माणूस बाटलीत मावत नाही

वैद्यकीय संशोधनात अभ्यासविषय हाच माणूस असल्याने दोन बंधने येतात. संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येत नाही, आणि एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही. दूषित पाणी पिणारे आणि न पिणारे असे दोन गट, त्यांचे वय, आहार, उत्पन्न लक्षात घेऊन तुलना करावी लागते. ही तुलना काटेकोर नसेल, तर गरिबीमुळे झालेला आजार पाण्याच्या माथी मारला जातो किंवा पाण्यामुळे झालेला आजार गरिबीच्या.

या शाखेला किती धीर धरावा लागतो, हे वैनगंगेच्या खोऱ्याला परिचित असलेल्या सिकलसेल आजारावरून कळते. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या रक्तपेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवून दिले. भारतात १९५२ मध्ये निलगिरी परिसरात त्याची नोंद झाली, आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये आला. आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे शास्त्राला दीर्घकाळ माहीत होते. तरीही राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलन मोहीम सुरू व्हायला १ जुलै २०२३ उजाडावा लागला. शोध लागणे आणि तो घरापर्यंत पोहोचणे यांतील हे अंतर पार करायला समाजशास्त्र लागते. ज्या गावात विवाहापूर्वी रक्ततपासणी सुचवणे हा मुलीच्या माथी कलंक मानला जातो, तेथे केवळ तपासणीचे यंत्र पुरेसे ठरत नाही.

एकदाच करता येणारा प्रयोग

कारध्याहून प्रवाहाबरोबर खाली गेल्यास पवनी लागते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूपाचे अवशेष, शिल्पांकित दगडी कठडे आणि ब्राह्मी लेख मिळाले. विदर्भाचा प्राचीन इतिहास सातवाहनांच्याही मागे नेणारा हा पुरावा होता. उत्खननाचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुरातत्त्वज्ञाची अडचण अशी, की त्याचा प्रयोग पुन्हा करता येत नाही. मातीचा थर एकदा उकरला की तो कायमचा नष्ट होतो. उरते ती फक्त नोंद. कोणते खापर कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाले, हे त्या दिवशी लिहिले नाही, तर ते खापर संग्रहालयात शोभेला राहते, पुरावा म्हणून त्याची किंमत संपते. म्हणूनच या शाखेत अहवाल लिहिणे हे खोदण्याइतकेच महत्त्वाचे मानतात, आणि जाणते उत्खननकर्ते टेकडीचा काही भाग पुढील पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी मुद्दाम न खोदता ठेवतात.

आंभोरा की अंबेजोगाई?

कन्हान आणि वैनगंगेच्या ज्या आंभोरा संगमाविषयी आज रसायनशास्त्रज्ञ बोलतात, त्याच जागेविषयी मराठीचे अभ्यासक फार पूर्वीपासून वाद घालीत आले आहेत. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. तो रचला कोठे? एक पक्ष वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे नाव घेतो, दुसरा मराठवाड्यातील अंबेजोगाईचे. काळाविषयीही एकमत नाही, कारण उपलब्ध पोथ्यांतील भाषा ‘ज्ञानेश्वरी’पेक्षा अर्वाचीन वाटते. ग्रंथ उत्तरकालीन आहे, की नक्कल करणाऱ्यांनी भाषा आपल्या काळाला जुळती केली? याचा निवाडा कोणतेही यंत्र करणार नाही. पोथ्या ताडून पाहणे, पाठभेद लावणे, व्याकरणाची रूपे मोजणे हीच येथील प्रयोगशाळा. निकाल अंतिम नसला तरी प्रत्येक नव्या पोथीमुळे शक्यतांचे वर्तुळ लहान होत जाते. मानव्यविद्यांतील प्रगती ती हीच.

या भागाची बोली हा त्याहूनही निकडीचा विषय. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये निघाला. त्यानंतर पूर्व विदर्भातील झाडीबोलीच्या अभ्यासाला खरी चालना दिली ती साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांनी. ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या या बोलीला कधीकाळी अशुद्ध मराठी म्हणून हिणवले जाई. तिला स्वतःचे नियम आहेत, हे शब्द, म्हणी आणि दंडारीसारखे लोकनाट्य जमवल्याखेरीज सिद्ध झाले नसते. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात गावे उठतात, तेव्हा नदीतील डोहांची, शेतांची, मासेमारीच्या जागांची नावेही उठतात. नवीन वसाहतीत त्या नावांना काही काम उरत नाही. धरणाखाली गेलेल्या जमिनीची मोजणी सरकारदप्तरी राहते. शब्दांची मोजणी कोणी केली नाही, तर त्यांचा मोबदलाही मागता येत नाही.

मोजपट्टीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकटेच भूगर्भ, जीवाश्म, आदिवासींच्या भाषा आणि शिळावर्तुळे अशा सर्व विषयांत काम करू शकले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा मृत्यू झाला. आज एका माणसाला इतके विषय पेलणे शक्य नाही. प्रत्येक विषय खोल गेला आहे आणि विशेषज्ञता ही ज्ञानाची गरज बनली आहे.

अडचण तेथून पुढे सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाला गुणांक देण्याची पद्धत आणली. पुढे तिच्यात बदल होत गेले, तरी शोधनिबंध मोजण्याची सवय कायम राहिली. रसायनशास्त्रातील एक चमू वर्षाला अनेक निबंध प्रसिद्ध करू शकतो. उत्खननाच्या अहवालाला किंवा बोलीच्या कोशाला अनेक वर्षे लागतात. नदीची पातळी रोज टिपणाऱ्याच्या नावावर तर एकही निबंध नसतो, आणि तरीही त्याच्या वहीवाचून जलशास्त्राचा एकही निबंध लिहिला जाणार नाही. दोघांना एकाच तराजूत घातले, तर तरुण संशोधक साहजिकच लवकर पिकणाऱ्या विषयाकडे वळतो. इंग्रजी नियतकालिकातील निबंधाला अधिक मान असेल, तर झाडीबोलीवर मराठीत लिहिण्याचा आग्रह कोण धरील?

याचा फटका अखेर काठावरच्या माणसालाच बसतो. भंडाऱ्याच्या नळाला येणारे पाणी पिण्याजोगे आहे काय, या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी फुगवट्याचे गणित, नमुन्यांचे रसायन, रुग्णांची तुलना आणि लोक पाणी कसे भरतात, साठवतात याचे समाजशास्त्र ही चारही लागतात. यांतील एक जरी दुवा निखळला, तरी उरलेल्या तिघांचे खरे असूनही उत्तर अपुरे राहते. कारध्याच्या पुलाखालून वाहणारी नदी विद्यापीठांचे विभाग ओळखत नाही. विभाग पाडले ते अभ्यासाच्या सोयीसाठी; त्यांच्यामधली वाट उघडी ठेवणे आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचा वेळ देणे, ही जबाबदारी संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या शासनाची आणि त्या शासनाला जाब विचारणाऱ्या वाचकांचीही आहे.