विश्लेषण : घरसामान वाहणारे चालक निवृत्त झाले की कंपनीचं गणित का बिघडतं?

अमेरिकेत घर बदलणं म्हणजे अनेकदा हजार-दोन हजार मैलांचा प्रवास. हे काम करणाऱ्या ‘मूव्हिंग अँड स्टोरेज’ कंपन्यांपुढे दोन अडचणी आहेत. घर बदलणारे कमी झालेत आणि अनुभवी चालक निवृत्त होत आहेत. कामही कमी, चालकही कमी, म्हणजे हिशेब जुळला असं वाटेल. पण तो जुळत नाही.

व्यवसाय चालतो कसा?

युनायटेड, मेफ्लॉवर, ॲटलस ही मोठी नावं म्हणजे ‘व्हॅन लाइन’. त्यांच्या नावाखाली शहरोशहरीच्या स्थानिक कंपन्या एजंट म्हणून काम करतात. गोदामं बहुतेकदा या एजंटांची असतात. लांब पल्ल्याचे अनेक चालक पगारी नोकर नसून कंत्राटदार असतात. ट्रक त्यांचा, मागचा ट्रेलर कंपनीचा. भाड्यातला ठरलेला वाटा त्यांना मिळतो. त्यातूनच डिझेल, दुरुस्ती आणि हमालांची मजुरी भागवायची असते.

हे काम वेगळं का?

इतर मालाचा चालक बहुधा दुसऱ्यांनी भरलेला ट्रेलर नेऊन पोहोचवतो. घरसामानाचा चालक प्रत्येक वस्तूची यादी करतो, आधीचे ओरखडे नोंदवतो, कपाटं खोलतो, पियानो उतरवतो. ५३ फुटी ट्रेलरमध्ये अनेकदा दोन-तीन कुटुंबांचं सामान असतं. आधी उतरवायचं ते शेवटी चढवावं लागतं आणि जागाही वाया घालवून चालत नाही. हा हात बसायला वर्षं लागतात. असा माणूस गेला की तुटफुटीची भरपाई वाढते, ट्रेलर अर्धवट भरून धावतो आणि नफा घटतो.

मागणी का घटली?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षभरात सुमारे २० टक्के अमेरिकन घर बदलत. २०२१ मध्ये हे प्रमाण ८.४ टक्के होतं. त्यातच २०२१ च्या सुरुवातीला ३ टक्क्यांखाली असलेला गृहकर्जाचा दर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पावणेआठ टक्क्यांपुढे गेला. स्वस्त कर्जाचं घर विकून महाग कर्ज कोण घेणार? २०२३ मध्ये जुन्या घरांची विक्री सुमारे ४१ लाखांवर आली. १९९५ नंतरचा हा नीचांक होता.

मग कमी चालक पुरत का नाहीत?

कारण काम वर्षभर सारखं नसतं. शाळांच्या सुट्टीमुळे मे ते सप्टेंबर हा खरा हंगाम. तेव्हा चालक नसेल तर काम दुसऱ्या कंपनीकडे जातं. ते जानेवारीत परत येत नाही, गोदामाचं भाडं मात्र बारा महिने भरावं लागतं. असलेल्या चालकांकडून जास्त काम करून घेणंही शक्य नाही. विश्रांतीनंतर ११ तासच गाडी चालवता येते आणि २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकांत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे.

नवे चालक का येत नाहीत?

दुसऱ्या राज्यात मोठा ट्रक न्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. शाळा संपवून १८ व्या वर्षी कामाला लागलेला मुलगा तोवर दुसरा धंदा शिकलेला असतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून परवान्याआधी ठरावीक प्रशिक्षणही सक्तीचं आहे. शिवाय आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणं आणि सोफे उचलणं. ओझं न उचलता ट्रक चालवायची नोकरी मिळत असेल, तर माणूस तिकडेच जातो.

कंपन्या काय करतात?

काही जण सामान कंटेनरमध्ये भरून साध्या मालवाहू ट्रकने पाठवतात. त्यामुळे चढवणं-उतरवणं स्थानिक माणसांवर सोपवता येतं. काही जण दरमहा भाडं देणाऱ्या गोदामांवर भर देतात. जड काम न झेपणाऱ्या जुन्या चालकांना शिकवायला ठेवणं, हा तिसरा मार्ग. पण तो निवृत्तीच्या आधी सुरू करावा लागतो. मंदीच्या वर्षात चालकांची उणीव जाणवत नाही आणि शिकाऊ माणसावरचा खर्च फुकट वाटतो. अशा वर्षाचा ताळेबंद बरा दिसतो, कारण रिकाम्या होत चाललेल्या जागांची नोंद त्यात कुठेच नसते. कर्ज स्वस्त होऊन लोक पुन्हा घरं बदलू लागतील, तेव्हा ती उणीव पहिल्याच उन्हाळ्यात दिसेल.