विश्लेषण : ‘गॉडफादर’ देणारे कपोला ‘द रेनमेकर’मध्ये सरासरीवरच का थांबले?

पॅरामाउंट स्टुडिओ, धडाक्यात खपलेली कादंबरी आणि दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला. १९७२ मध्ये या जुळणीतून ‘द गॉडफादर’ तयार झाला. २५ वर्षांनी, १९९७ मध्ये, याच जुळणीतून ‘द रेनमेकर’ आला. पहिला अजरामर ठरला. दुसरा मात्र एकदा बघावा असा, सरासरी कोर्टरूम ड्रामा. असे का झाले?

कारकिर्दीत इतके चढउतार का?

सत्तरच्या दशकात कपोला यांनी ‘द गॉडफादर’, ‘द कॉन्व्हर्सेशन’, ‘द गॉडफादर पार्ट टू’ आणि ‘अपोकॅलिप्स नाऊ’ असे ओळीने चार मोठे चित्रपट दिले. त्यांपैकी दोघांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी त्यांनी स्वतःची मालमत्ता पणाला लावली आणि डाव जिंकला. १९८२ मधील ‘वन फ्रॉम द हार्ट’मध्ये तोच डाव उलटला. सुमारे २.६ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत १० लाख डॉलरही कमावले नाहीत. पुढची अनेक वर्षे कर्ज फेडण्यात गेली. १९९२ च्या ‘ड्रॅक्युला’ने त्यांना सावरले.

‘द रेनमेकर’ची गोष्ट काय?

जॉन ग्रिशम यांच्या कादंबरीतला रूडी बेलर (मॅट डेमन) हा मेम्फिसमधला नवखा वकील. ल्युकेमिया झालेल्या तरुणाच्या उपचाराचा दावा विमा कंपनी पुन्हा पुन्हा फेटाळते आणि रूडी तिला कोर्टात खेचतो. समोर जॉन व्हॉइट यांनी साकारलेला मुरलेला वकील, सोबतीला वकिलीची परीक्षा वारंवार नापास झालेला डेक (डॅनी डेव्हिटो).

मग कमी कुठे पडतो?

कंपनी दोषी आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळते. न्यायाधीशही बदलतात आणि नवे न्यायाधीश रूडीला समजून घेणारे निघतात. त्यामुळे खटल्याची धार जाते. नवऱ्याकडून मार खाणाऱ्या तरुणीचे उपकथानक मूळ खटल्यात मिसळत नाही. आजारी मुलाची साक्ष घ्यायला वकील त्याच्या घरी जातात, तो प्रसंग मात्र लक्षात राहतो. डेव्हिटो तर दिसेल तिथे भाव खाऊन जातात.

खरा फरक कशात?

‘गॉडफादर’ही कपोला यांच्याकडे काम म्हणूनच आला होता आणि सुरुवातीला ते फारसे उत्सुक नव्हते. पण गुन्हेगारीच्या कादंबरीत त्यांना बाप, मुलगे आणि वारसा यांची गोष्ट सापडली. ‘रेनमेकर’मध्ये त्यांनी कादंबरी नीटनेटकी पडद्यावर आणली, तिच्यात स्वतःची गोष्ट शोधली नाही. चित्रपटाच्या नावाआधी लेखकाचे नाव लावण्याची त्यांची पद्धत जुनीच. इथे मात्र चित्रपट खरोखरच कपोला यांच्यापेक्षा ग्रिशम यांचा वाटतो.

तरी का पाहावा?

शेवटासाठी (तो माहीत करून घ्यायचा नसेल, तर पुढचा परिच्छेद सोडून द्या).

ज्युरी ५ कोटी डॉलरचा दंड ठोठावते, कंपनी दिवाळखोरी जाहीर करते आणि मुलगा गमावलेल्या आईच्या हाती एक डॉलरही पडत नाही. विम्याच्या दाव्यासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

यानंतर कपोला यांचा पुढचा चित्रपट यायला २००७ उजाडले. २०२४ मध्ये ‘मेगालोपोलिस’साठी त्यांनी पुन्हा स्वतःचे सुमारे १२ कोटी डॉलर लावले आणि तो सपशेल पडला. ‘रेनमेकर’मध्ये तसा धोका नव्हता, म्हणून तो आपटलाही नाही आणि उंच उडालाही नाही.